डिझेल गाडी अडली तर तपास टाकीपासून करावा

कापडाच्या धंद्यात मोटार ही शानशौकतीची वस्तू नाही. मागची सीट दुमडून गाठी भरायच्या, पहाटे निघून बाजार गाठायचा आणि दुकानाचे शटर पाडण्याआधी माल आत घ्यायचा, एवढाच तिचा उपयोग. आमच्यासारख्या छोट्या व्यापाऱ्यांनी, फर्निचरच्या कारागिरांनी आणि फळांच्या आडत्यांनी वर्षानुवर्षे डिझेल गाडी पसंत केली, ती कमी खर्च आणि ओझ्यासह चढ चढण्याची ताकद पाहून. आता दिवस बदलले आहेत. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी विकणे बंद केले आणि लहान डिझेल मोटार नवी मिळणे कठीण झाले. तेव्हा आपल्या बांधवांकडे जी डिझेल गाडी आहे ती बहुधा जुनी आहे, आणि तिच्यावरच धंदा ओढायचा आहे.

अशी गाडी अडते तीही नेमकी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा लग्नसराईत. मिस्त्री बॉनेट उघडतो, दोनदा सेल्फ मारून पाहतो आणि म्हणतो, "सेठ, पंप गेला. खोलावा लागेल." कधी कधी हे खरेही असते. पण पुष्कळदा पंप शाबूत असतो आणि दोष एखाद्या रबरी नळीत, क्लिपमध्ये किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये असतो. फिल्टर काही शेकड्यांत येतो. नोझल आणि पंप मात्र हजारांत जातात, आणि गाडी चार दिवस गॅरेजमध्ये पडून राहते ते नुकसान वेगळेच. मालकाने स्वतः मिस्त्री व्हावे असे आमचे म्हणणे नाही. पण कोणता तपास आधी आणि कोणता नंतर, एवढे त्याला समजले पाहिजे.

यंत्रमाग चालविणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. धागा तुटू लागला की तो आधी कांडी पाहतो, धोटा पाहतो, ताण पाहतो. लगेच माग उकलून बसत नाही. डिझेलचेही तसेच आहे. टाकीतून निघालेले डिझेल आतल्या जाळीतून नळीत येते. तेथून फीड पंप ते ओढतो किंवा ढकलतो. मग फिल्टर, जेथे कचरा आणि पाणी अडते. त्यापुढे मुख्य पंप, जो दाब वाढवतो. मग पोलादी नळ्या आणि शेवटी नोझल, जे डिझेलचा धूर व्हावा इतका बारीक फवारा सिलिंडरमध्ये मारतात. उरलेले डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जाते. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा भाग स्वस्त आणि साधा आहे. पंपापासून पुढचा भाग महाग आणि नाजूक. घाण, पाणी आणि हवा या तिन्ही गोष्टी स्वस्त भागातूनच आत शिरतात. म्हणून तपासही तिकडूनच सुरू करावा.

आपली गाडी कोणत्या जातीची?

पुढचे सर्व यावर अवलंबून आहे. १९९८ साली आलेल्या पहिल्या डिझेल इंडिकासारख्या गाड्यांत यांत्रिक पंप असे. त्यात पंपच दाब देतो आणि पंपच वेळ साधतो. तेथे नोझल साधारण शंभर-दीडशे बार दाबावर उघडते. नंतर कॉमन रेलचा जमाना आला. २००७ सालची डिझेल स्विफ्ट त्यातली. यात पंप फक्त दाब तयार करतो, ते डिझेल एका जाड पोलादी दांड्यात साठते आणि कोणत्या नोझलने केव्हा उघडायचे हे कॉम्प्युटर ठरवतो. येथला दाब भरधाव चालताना हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. मोटारीच्या चाकात हवा साधारण दोन बार असते, त्यावरून अंदाज करावा. बॉनेट उघडल्यावर सर्व नोझलांना जोडणारा असा दांडा आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर विजेचा सॉकेट दिसला तर गाडी कॉमन रेलची समजावी.

एक इशारा येथेच देतो. जुन्या गाडीत मिसिंग शोधण्यासाठी मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करून पाहतात. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, ते नोझल किंवा तो सिलिंडर काम करत नाही. ही रीत यांत्रिक पंपापुरती ठीक आहे. कॉमन रेलवर ती कोणीही, कधीही करू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून मांसात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस फडके गुंडाळून काम करीत राहतो. काही तासांत हात सुजतो आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असे झाल्यास लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे आणि 'दाबाचे डिझेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. आपल्या मोहल्ल्यांतल्या गॅरेजमध्ये पंधरा-सोळा वर्षांची मुले काम शिकतात. गळती कोठे आहे ते बोट फिरवून शोधण्याची सवय त्यांना कोणी लावू नये. जाड पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरला तरी गळती दिसते. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरण्यास काही मिनिटे लागतात.

सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही

आधी टाकीत डिझेल आहे का ते पाहावे. हसू नका, काटा अडकलेल्या गाड्या पुष्कळ असतात. मग सेल्फचा वेग. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. बॅटरी मरगळलेली असेल आणि इंजिन हळू फिरत असेल तर पंप, नोझल सर्व चांगले असूनही गाडी लागणार नाही.

त्यानंतर एका माणसाला सेल्फ मारायला सांगून आपण मागे सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे, पण पेटत नाही. अशा वेळी, विशेषतः थंडीत, जुन्या इंजिनाचे हीटर प्लग तपासावेत. जळालेला प्लग मीटरवर वीज जाऊच देत नाही, दोन मिनिटांचे काम आहे. प्लग चांगले असतील तर कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग.

धूर अजिबात येत नसेल तर डिझेल पुढे जातच नाही. यांत्रिक पंपावर एक विजेचा व्हॉल्व्ह असतो. किल्ली फिरविताच तो 'टक्' असा वाजला पाहिजे. त्याची वायर निघाली किंवा गंजली तर डिझेलचा रस्ताच बंद होतो, आणि केवळ या वायरीपायी पंप खोलले जातात. आवाज येत असेल तर फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हँड पंप दाबावा. भरभरून डिझेल आले तर मागची बाजू ठीक. फेस आला किंवा काहीच आले नाही तर दोष मागे आहे. सेल्फ मात्र एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. नाहीतर डिझेलचा दोष राहिला बाजूला आणि सेल्फची वाइंडिंग जळाली, असे व्हायचे.

हवा धरणे

आमच्या मते डिझेल गाडीचा सर्वात फसवा रोग हाच. रात्री गाडी चांगली उभी केली. सकाळी लागते, पाच-दहा सेकंद चालते आणि बंद पडते. मग बराच वेळ सेल्फ मारल्यावर पुन्हा लागते आणि दिवसभर काही तक्रार नाही. कोठून तरी हवा शिरते आणि रात्रभरात नळीतले डिझेल मागे टाकीकडे उतरते.

येथे मालक फसतो तो असा की खाली पाहिले तर एक थेंबही गळलेला नसतो. ज्या गाडीत पंप डिझेल ओढून घेतो, तिच्या मागच्या नळीत दाब नसून ओढ असते. म्हणून फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. कोरडी नळी म्हणजे चांगली नळी असे नव्हे. ज्या गाडीत टाकीतच विजेचा पंप असून तो डिझेल पुढे ढकलतो, तेथे मात्र गळती बाहेर दिसते.

तपास सोपा आहे. फिल्टर आणि पंप यांमध्ये हातभर पारदर्शक नळी बसवावी. इंजिन चालू असताना तिच्यातून सतत बुडबुडे जात असतील तर हवा मागून येते. फिल्टर नुकता बदलला असेल तर सुरुवातीचे थोडे बुडबुडे चालतात. मग एकेक जोड पाहत मागे जावे. फिल्टरचा रबरी वॉशर, जोडाच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर, हँड पंपाचा डायफ्रॅम, वर्षानुवर्षे घट्ट आवळून कापलेली नळी. नोझलांच्या डोक्यावरून जाणारी परतीची बारीक नळी विसरू नये. जुन्या गाड्यांत तिच्यावर सुताची विणलेली वेणी असते. कापडवाल्याला ती लगेच ओळखू येईल. वरची वेणी धड दिसते आणि आतले रबर तडकलेले असते. ही नळी मीटरवर मिळते, किंमत किरकोळ.

यांत्रिक पंपाच्या गाडीसाठी आणखी एक खात्रीलायक रीत आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन गाळलेल्या डिझेलने भरून उंचावर, गरम सायलेन्सरपासून दूर ठेवावा. पंपाची ओढणारी नळी आणि परतीची नळी दोन्ही त्या कॅनमध्ये सोडाव्यात. गाडीची टाकी, जुनी नळी, फिल्टर सर्व बाजूला पडले. आता इंजिन एकदम चांगले चालले तर पंप निर्दोष आहे, दोष त्याच्या मागे. पंप खोलण्याची परवानगी देण्यापूर्वी हा कॅन लावून दाखवा, असे मालकाने मिस्त्रीला नम्रपणे पण ठामपणे सांगावे. कॉमन रेल गाडीत मात्र फिल्टर टाळून डिझेल कधी देऊ नये. तेथे कॅन फिल्टरच्या मागे लावतात, आणि तोही जाणत्या माणसाने.

चढावर दम तोडणे

सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते आणि घाटात ओझ्याने मरते, तेव्हा इंजिनाला लागेल तेवढे डिझेल मिळत नाही असा संशय घ्यावा. फिल्टर तुंबला असेल, टाकीतली जाळी भरली असेल, किंवा खालची नळी दगड लागून चेपली असेल.

काही वर्षांपूर्वी भिवंडीहून माल घेऊन येताना आमची गाडी कसारा घाटात असा दम तोडू लागली. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालायची, पुन्हा मरायची. इगतपुरीला एका मिस्त्रीने पंप काढण्याचा सल्ला दिला. शेजारी चहा पीत असलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने मात्र टाकीचे टोपण उघडायला सांगितले. उघडताच 'सूं' करून हवा आत गेली. डिझेल कमी होते तशी टाकीत हवा यावी लागते, आणि टोपणातले ते भोक धुळीने बंद झाले होते. टोपण सैल ठेवून आम्ही नाशिकपर्यंत आलो, गाडीने एकदाही तक्रार केली नाही. थोडा आवाज काही गाड्यांत नेहमीच येतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. टोपण सैल असताना दोष जातो आणि घट्ट केल्यावर परत येतो, ही खरी खूण.

पाणी आणि भेसळ

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ भिंतीवर दवासारखी जमते आणि खाली उतरते. कोकणात आणि पावसाळ्यात हे जास्त. पाणी आणि डिझेल जेथे भिडतात तेथे बारीक जिवाणू वाढतात आणि काळा चिकट साका होतो. फिल्टर पुन्हा पुन्हा भरत असेल आणि त्यात असा साका सापडत असेल तर फिल्टर बदलून काही होणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो महिन्यातून एकदा उघडावा. निघालेले डिझेल काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवले की पाणी खाली वेगळे दिसते.

रॉकेल मात्र असे वेगळे होत नाही, ते डिझेलमध्ये मिसळून जाते. बहुतेक मोटारींच्या पंपात वंगणाचे काम डिझेलच करते, वेगळे ऑइल नसते. रॉकेलमध्ये ती स्निग्धता कमी, म्हणून पंपाचे आतले भाग घासतात आणि त्याचा बारीक चुरा पुढे नोझलमध्ये जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग आहे, पूर्वी ते ५० होते. गंधक काढताना डिझेलची मूळची स्निग्धता घटते, म्हणून वंगण देणारे द्रव्य वेगळे मिसळावे लागते. त्यात कोणी रॉकेल घातले तर हे सर्व पाण्यात.

या भेसळीत किती पैसा फिरत होता हे नाशिक जिल्ह्याने पाहिले आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ चाललेला इंधनाचा काळा धंदा पकडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २५ जानेवारी २०११ रोजी त्यांना भरदिवसा जाळून मारण्यात आले. दोन रुपये लिटरला स्वस्त म्हणून धाब्यामागे कॅनमधून डिझेल घेणाऱ्या बांधवांनी हे आठवावे. पेट्रोल पंपावर घनता आणि ५ लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप तपासून दाखवा अशी मागणी करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो आपले लोक फारसा वापरत नाहीत. बिल घ्यावे, म्हणजे पुढे तक्रार करता येते.

कॉमन रेल आणि स्कॅनर

नव्या गाड्यांत मिस्त्री मशीन लावतो आणि कोड वाचून निकाल देतो. आमच्या ओळखीच्या एका साडीवाल्याच्या गाडीत 'पी ००८७' कोड आला, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. लगेच पंप बदलला गेला, दोष तसाच राहिला. नंतर दुसऱ्या मिस्त्रीने डिझेल फिल्टर काढला तर तो डांबरासारखा काळा. कोड फक्त दाब कमी आहे एवढेच सांगतो. तो का कमी आहे हे शोधणे माणसाचे काम. फिल्टर तुंबला तरी, हवा शिरली तरी, नोझल गळते झाले तरी किंवा दाबाचा सेन्सर खोटे बोलू लागला तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून स्कॅनरवर मागितलेला दाब किती आणि प्रत्यक्ष दाब किती, हे दोन आकडे सेल्फ मारताना आणि गाडी चालताना पाहावेत. लागण्यापुरतासुद्धा दाब तयार होत नसेल तर कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही.

नोझलचा निवाडा बाटल्यांनी होतो. प्रत्येक नोझलच्या परतीच्या तोंडाला एकसारखी बाटली लावून इंजिन थोडा वेळ चालवितात. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखे जमले पाहिजे. एकीत इतरांपेक्षा खूप जास्त जमले तर ते नोझल आतून झिजले आहे आणि दाब तेथून परत निघून जातो. ही परीक्षा मिस्त्रीनेच करावी, मालकाने उभे राहून पाहावी. चारही नोझल बदला असे कोणी म्हणाले तर आधी चार बाटल्या मागाव्यात. नवे किंवा दुरुस्त नोझल बसविल्यावर बऱ्याच गाड्यांत त्याच्यावरचा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरला द्यावा लागतो. तो दिला नाही तर गाडी खडखडते आणि दोष नोझलचा समजला जातो.

नवा फिल्टर बसवताना तो उघड्या कॅनमधून डिझेल ओतून भरण्याची पद्धत कॉमन रेलला घातक आहे. ते न गाळलेले डिझेल सरळ पंपात जाते. फिल्टर रिकामा बसवून हँड पंपाने किंवा किल्ली दोन-चार वेळा ऑन करून भरावा.

धुराबद्दल थोडक्यात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. नोझलकडे जाण्याआधी एअर फिल्टर आणि टर्बोची नळी पाहावी. निळसर धूर इंजिन ऑइलचा, त्याचा या विषयाशी संबंध नाही. २०२० नंतरच्या गाड्यांत धुराची काजळी अडविणारा फिल्टर सायलेन्सरच्या वाटेत असतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो, तेव्हा तिला अधूनमधून महामार्गावर नेणे बरे. ऑइलची डिपस्टिक मात्र सर्वांनीच पाहावी. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल आत गळत आहे. अशी गाडी चालवू नये, पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाऊन टाकते.

पंपावरच्या मुलाने चुकून पेट्रोल भरले तर किल्लीसुद्धा फिरवू नये. नव्या गाड्यांत किल्ली ऑन होताच टाकीतला विजेचा पंप पेट्रोल पुढे पाठवू लागतो. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. इंजिन सुरू झालेले नसेल तर बहुधा एवढ्यावर भागते.

गॅरेजचे बिल चुकविताना बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत मागावा आणि बिलावर नव्या भागाचा नंबर लिहून घ्यावा. पंप किंवा नोझल कॅलिब्रेशनला गेले असतील तर टेस्ट मशीनवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागदही सोबत घ्यावा. चांगला कारागीर हे न मागता देतो.